नानांच्या नावाची पायरी

पिंपळदरा, १२ नोव्हेंबर १९७२

राधाकृष्ण यास,

त्या सोमवारी सकाळी मी अर्धं शिवलेलं पोलकं मशीनवरच ठेवलं, वर धडपा टाकला आणि चिंध्यांचं गाठोडं काखेत मारून देवळाकडे निघालो. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून मोरी बुजवावी लागते आणि त्यासाठी चिंध्या शिंप्याच्या घरून यायच्या, हे आपल्या नानांच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. श्रावण कोरडा गेला की गाव महादेवाला पाण्यात कोंडतो. पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या, मग देवाचा जीव गुदमरतो आणि त्याला पावसाची आठवण होते, अशी समजूत. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण माझ्या नोटिशीला तुझ्या वकिलाने जे उत्तर दिलं त्यात लिहिलं आहे, की सदर इसम देवळात कोणत्या कारणाने गेला होता याची आमच्या अशिलास माहिती नाही.

माहिती नाही? पाण्याचा टँकर तूच पाठवला होतास. तुझ्या रस्त्याच्या कामावरचा. टँकरला झेंडूचा हार होता. बायका हंडे घेऊन मागे धावत होत्या आणि तुझा ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "व्हा मागं! द्येवाचं पानी हाय, कालवनाचं न्हाई!" मी स्वतः ऐकलं.

देवाचं पाणी ओलेत्याने न्यायचं, म्हणून मी अंगावर तांब्याभर पाणी घेतलं, ओलं धोतर कासोट्याला आवळलं आणि भरलेली घागर खांद्यावर घेऊन गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरू लागलो. पाय घसरला. थेट पिंडीपाशी जाऊन आपटलो. घागर पितळेची होती, तिला नुसता पोचा आला. माझं मांडीचं हाड मोडलं.

एवढंच घडलं. जास्त काही सांगण्यासारखं नाही.

हाडवैद्याने आधी फळ्या बांधल्या, मग नगरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. उजवा पाय आखूड राहिला आहे. टाच टेकत नाही. मशीनचं पायडल दाबायला गेलं की मांडीत विस्तव पेटल्यासारखं होतं. शिंप्याचा पाय गेला म्हणजे काय गेलं, हे शिंप्याच्या पोराला मी समजावून सांगायचं का? आता हाताने काजं करतो, बटणं लावतो. तुझी वहिनी भीमाबाई खडी फोडायला जाते. दुष्काळी कामावर, तू ज्या कामाचा ठेकेदार आहेस त्याच कामावर.

तिथे पूर्वी काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. ओबडधोबड होत्या, पण अनवाणी पावलाला धरून ठेवायच्या. देवस्थानच्या कमिटीचा तू अध्यक्ष झालास, त्या उपसून टाकल्यास आणि नानांच्या स्मरणार्थ गुळगुळीत संगमरवर बसवलास. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, की ओल्या पायांचं हे ठिकाण आहे, हा दगड घात करील. तू हसून म्हणालास, "भाऊ, तुला बापाचं नाव झालेलं बघवना व्हय रं?" आणि पुढारी मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मी नोटीस दिली ती रागाने नाही. मला भरपाई पाहिजे. माझ्या पायाची, ज्या पायावर घर चालत होतं. पत्राच्या शेवटी धाकट्याला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. तो सध्या राहू दे.

रंगनाथ

---

पिंपळदरा, २८ जानेवारी १९७३

राधाकृष्ण यास,

दावा दाखल झाला. समन्स तुला मिळालंच असेल, कारण परवा तू जीप घेऊन गावात आलास. आईला भेटलास. आईची खाट आणि माझी खाट यांच्यामध्ये एक कुडाची भिंत आहे. तुझं बोलणं मला ऐकू येत होतं हे तुला कळत होतं, म्हणूनच तू आवाज चढवलास.

"आये, तुज्या थोरल्यानं नानांच्या नावावर दावा लावलाय. कोर्टानं उद्या पायऱ्या उपटा म्हनलं, तर नानांचं नाव उकिरड्यावर जाईल."

मी आतून ओरडलो, की नावावर नाही, दगडावर लावलाय. तू आईच्या पाया पडलास आणि गेलास.

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलत नाही. रोज काठी टेकत देवळात जाते, पदराने तिसऱ्या पायरीवरचं नानांचं नाव पुसते, त्यावर फूल ठेवते आणि परत येते. ताट मी सरकवलं तर हात लावत नाही, भीमाबाईने सरकवलं तर जेवते. भीमाबाई काल तिला म्हणाली, "आत्याबाई, ज्यानं दगड बसवला त्यो ल्योक, आन ज्याचं हाड मोडलं त्यो कोन? भाड्यानं आनलाय का?" आई म्हणाली, "तू गप. माज्या मालकाचं नाव हाय ते."

गावातही मजा चालली आहे. मी काठीवर चाललो की हॉटेलाच्या बाकावरून आवाज येतो, "आरं, म्हादेवाला समन्स कोन बजावनार? बेलिफ चपला काढून आत जाईल का न्हाई?" दुसरा म्हणतो, "म्हादेवाला वकील कशाला, नंदी बसलाय की बाहेर." मी ऐकून घेतो. सकाळी देवळाच्या उंबऱ्याशी उभा राहून हात जोडतो, त्या वेळी मलाही हा विचार येतोच, की मी कोणाला कोर्टात ओढतो आहे. दावा देवस्थान कमिटीवर आणि तुझ्यावर आहे. देवावर नाही. हा फरक मला कळतो, त्याला तर कळतच असणार.

तू माझ्या आईला माझ्या घरात माझ्याविरुद्ध उभी केलीस. हे तुझ्या टेंडरात बसत असेल. माझ्या मनात बसत नाही.

रंगनाथ

---

पिंपळदरा, ९ सप्टेंबर १९७३

राधाकृष्ण यास,

तुझी कैफियत वाचली. माझ्या ढाकणे वकिलांनी मोठ्याने वाचली, मी खुर्चीच्या कडेला बसून ऐकली. वादी सोमवारचा उपास करीत असल्याने त्यास चक्कर आली. वादीचे धोतर ओले होते. वादीने विनाकारण घाई केली. आणि शेवटी असं, की सदर घटना ही दैवी कृत्य असून तीस कोणीही मनुष्य जबाबदार नाही.

ढाकणे म्हणाले, "हे कायद्यातलं वाक्य आहे, रंगनाथराव. मनाला लावून घेऊ नका. पूर आला, वीज पडली, की असं लिहितात."

मनाला कसं लावून घेऊ नको? मी आयुष्यभर पाऊस त्याने दिला म्हणून हात जोडले आणि नाही दिला तरी जोडले. पंचमीपासून यंदा पाऊस झाला तेव्हा पहिला नमस्कार त्यालाच केला. ते देणंघेणं माझं आणि त्याचं आहे. तू कोण मधे येऊन तुझा संगमरवर त्याच्या अंगावर ढकलणारा?

आणखी एक. मी कमिटीला अर्ज दिला होता, की दाव्याचं काय व्हायचं ते होऊ दे, तोवर निदान पायऱ्यांना छिन्नीने टाकी लावून घ्या, जात्याला लावतात तशी, म्हणजे ओला पाय ठरेल. त्यावर तुझं कार्ड आलं. एकच ओळ. पायऱ्यांना कोणी हात लावल्यास फौजदारी करण्यात येईल. मी ते कार्ड ढाकणे वकिलांना दाखवलं. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "त्याच्या वकिलाने बरोबर सल्ला दिलाय. पायऱ्या दुरुस्त केल्या तर चूक कबूल केल्यासारखं होतं. आणि आपल्यालाही त्या आहेत तशाच पाहिजेत. कोर्टाचा माणूस पाहणीला येईल तेव्हा त्याचा पाय सटकला पाहिजे."

तेव्हा दोन्ही वकिलांचं एकमत आहे. तू आणि मी, कशातच एकमत नसलेले दोघं भाऊ, एका गोष्टीवर एक झालो आहोत, की महादेवाच्या पायऱ्या घसरत्याच राहिल्या पाहिजेत. मी तेव्हा ढाकणे वकिलांचं ऐकलं. मला दावा जिंकायचा होता.

रंगनाथ

---

पिंपळदरा, २४ फेब्रुवारी १९७४

राधाकृष्ण यास,

महाशिवरात्रीला राहीबाई पडली. आपल्या वेशीजवळची, भीमाबाईबरोबर खडी फोडायला जायची ती. अभिषेकाचं पाणी पायऱ्यांवर सांडलेलं होतं आणि बेलाची पानं. उजवं मनगट मोडलं. तुला कोणी कळवलं असेलच, आणि तुझ्या वकिलाने यालाही दैवी कृत्यच म्हटलं असेल.

मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. आता मी आत उतरत नाही. आतून आरोळी आली, "पडली! बाई पडली!" त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी तुलाच लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो मला चांगला समजून घ्यायचा प्रयत्न करील, आणि तू करणार नाहीस. माझ्या मनात देवाचं नाव आलं नाही. 'बरं झालं,' असं आलं. आता कोर्टाला दिसेल, आता राधाकृष्णाची जिरेल, असं आलं. एका बाईचं हाड मोडत होतं आणि मी मनात खूष झालो. शिवरात्रीच्या दिवशी, देवाच्या दारात, उपाशी पोटी.

ढाकणे वकिलांना कळवलं तर ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "उत्तम! नवा साक्षीदार मिळाला."

राहीबाईकडे गेलो. हात गळ्यात बांधलेला. मला बघून म्हणाली, "रंगनाथभाऊ, साक्षीचं इचारायला आलाव न्हवं? मी सांगीन की कोर्टात. माजा हात घसरनाऱ्या पायरीनं मोडला म्हनून सांगीन. पन तवर भाकरी कुनी थापायची ते बी तुमच्या वकिलाला इचारून या."

मी म्हणालो, मी साक्षीचं विचारायला आलो नाही. पण आलो होतो त्यासाठीच.

तुझा राग येतो तो जुना आहे, त्याची मला सवय झाली आहे. हा नवा राग माझा मलाच येतो, आणि तोही मी तुझ्याच खात्यावर मांडतो. तुझ्याशी भांडता भांडता मी असा माणूस झालो.

रंगनाथ

---

पिंपळदरा, २३ जून १९७४

राधाकृष्ण यास,

परवा तू कोर्टात मागच्या बाकावर पांढरी टोपी सारखी करत बसला होतास. मी पिंजऱ्यात उभा होतो. माझं तोंड पडताना तुला दिसलं, तेव्हा जे दिसलं नसेल ते लिहितो.

तुझ्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "तुम्ही देवभक्त आहात, असं गाव सांगतं. खरं का?"

"व्हय."

"महादेवाच्या मनात नसताना त्याच्या गाभाऱ्यात काही घडू शकतं, असं तुम्ही मानता?"

खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतलेली होती. मी म्हणालो, "न्हाई साहेब. त्याच्या मनात नसताना काय घडत न्हाई." मागे कोणीतरी हसलं. ढाकणे वकिलांनी कपाळाला हात लावला.

मग त्याने विचारलं, "खालच्या गाभाऱ्यात उतरताना वरून तिसऱ्या पायरीवर तुम्ही पाय ठेवला होता का?"

मी तुझ्या टोपीकडे बघत राहिलो. न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या.

"न्हाई ठिवला."

"का?"

"वडलांचं नाव हाय त्या पायरीवर."

"म्हणजे पायरी जागेवर होती, धड होती, आणि भरलेली घागर खांद्यावर असताना तुम्हीच ती ओलांडून खालच्या पायरीवर पाय टाकला?"

"व्हय."

"बस. मला आणखी काही विचारायचं नाही."

हे मी पहिल्या पत्रात तुला लिहिलं नव्हतं. ढाकणे वकिलांनाही सांगितलं नव्हतं. भीमाबाईला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी सगळ्यांना 'पाय घसरला' एवढंच सांगत आलो, आणि ते खोटं नव्हतं, ओल्या संगमरवरावर पाय घसरलाच. पण लांब ढांग टाकल्यामुळे घसरला, हे मी गिळलं होतं. मग तुझ्या वकिलाला ते कसं कळलं?

तूच सांगितलंस. तू तिथे नव्हतास, पण तू माझा भाऊ आहेस. लहानपणी नानांच्या अंथरुणावर चुकून पाय पडला की आपण दोघंही वाकून हात लावायचो. थोरला त्या नावावर पाय देणार नाही, हे ओळखायला तुला तिथे असण्याची गरज नव्हती. घरातली गोष्ट, आईच्या दुधाबरोबर आलेली, ती तू वकिलाच्या हातात नेऊन दिलीस. नानांच्या नावाचा तुला दोनदा उपयोग झाला. एकदा टाळ्या मिळाल्या, एकदा भाऊ पाडता आला.

कोर्टात सुचलं नाही ते आता सुचतं. महादेवाच्या मनात नसताना काही घडत नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्या दगडाची निवड त्याच्या मनातून झाली नव्हती, ती तुझ्या मनातून झाली. आणि ज्या ठिकाणी ओल्या पायाने, ओझं घेऊन उतरायचं, तिथे पायाखाली बापाचं नाव घालणं हे कोणत्याही मुलाला पडायला लावणं आहे. हे पिंजऱ्यात बोलता आलं नाही. मला बसायला सांगितलं आणि मी बसलो.

परतीच्या एस.टी.त ढाकणे वकिलांचा कारकून शेजारी होता. तो म्हणाला, अजून सगळं संपलं नाही, पाहणी व्हायची आहे, पायऱ्या निसरड्या आहेत हे सिद्ध झालं की निम्मी तरी भरपाई मिळेल. आपला आधार आता फक्त पायऱ्या. मी खिडकीतून बघत होतो. रानं हिरवी होती. पुढच्या महिन्यात श्रावण येतो आहे, सोमवारी बाया पाणी घेऊन उतरतील, हे माझ्या डोक्यात फिरत होतं. आणि मला त्या पडायला हव्या होत्या की नको होत्या, हे मला नक्की सांगता येत नव्हतं.

रंगनाथ

---

पिंपळदरा, १९ जुलै १९७४

राधाकृष्ण यास,

तुला हे दुसऱ्यांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. कोणी आधी फोन केला असेल तर तो कमिटीचा माणूस असेल, आणि त्याने शिव्यांसकट सांगितलं असेल.

बुधवारी सकाळी मी आसाराम वडाराला घेऊन देवळात गेलो. जात्यांना, पाट्यांना टाकी लावत गावोगाव फिरतो तो. त्याला मी आधीच बोलून ठेवलं होतं, तुझ्या फौजदारीच्या कार्डासह सगळं. तो म्हणाला, "शिंपीदादा, मला काय, मी हुकमाचा मानूस. फौजदार आला तर तुमच्याकडं बोट करीन." मी म्हणालो, तसंच कर.

त्याने संगमरवरावर हात फिरवला आणि हसला. "हिच्यावर तर माशी बी घसरंल."

खालून वर यायचं ठरलं होतं. पिंडीजवळच्या पायऱ्यांना त्याने दाणेदार टाकी लावली. छिन्नीचा आवाज गाभाऱ्यात घुमत होता. लोक जमले. कोणी म्हणालं, "आरं, ह्येला याड लागलं, सोताचाच दावा फोडतोय." कोणी म्हणालं, कमिटीला बोलवा. राहीबाई वाकड्या मनगटाने कंबरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "बोलवा की. ज्याला फरशी गुळगुळीत पायजे त्यानं घागर घिऊन उतरून दाखवावं आदी." मग कोणी कमिटीला बोलवायला गेलं नाही.

तिसऱ्या पायरीवर आई येऊन बसली. फूल हातात होतं. नाव तिच्या लुगड्याखाली झाकलं गेलं.

मी म्हणालो, "आई, ऊठ."

दीड वर्षानंतर ती माझ्याशी बोलली. "माज्यावरनं टाकी मार. एवढं एकच हाय माज्याजवळ त्यांचं."

मी म्हणालो, नानांचा मापाचा गज आहे, कात्री आहे, मशीन आहे. ती म्हणाली, ते सगळं तुझ्या घरात आहे, हे देवाच्या घरात आहे. मी पायरीच्या कडेला, तिच्या शेजारी, आखूड पाय लांब करून बसलो. आसाराम छिन्नी गुडघ्यावर ठेवून थांबला. मग मी तिला तेच सांगितलं जे तुला मागच्या पत्रात लिहिलं. मी पडलो ते नुसत्या दगडामुळे नाही, नानांच्या नावावर पाय द्यायचा नाही म्हणून पडलो. हे तिला ठाऊक नव्हतं. तू तिला सांगितलं नव्हतंस. वकिलाला सांगितलंस.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी दया आली असेल असं तू समजू नकोस. ती उठली आणि म्हणाली, "तू तुज्या बापाला दुसऱ्यांदा मारतुयास. त्या धाकट्यानं त्येंना पायाखाली घातलं आन तू पुसतुयास. दोघं बी सारकंच निगालाव." फूल पिंडीवर टाकून ती निघून गेली. अजून माझ्या हातचं जेवत नाही. तुझी जीप आली तर तिने तुझं तरी ऐकावं, असं आता मला वाटत नाही.

आसारामने विचारलं, "नाव ठिवू का? भवतीनं मारतो, अक्षरं तेवढी राहतील गुळगुळीत."

पाय अक्षरांवरच पडणार होता. मी म्हणालो, "नको. मार."

तो मारत होता तोवर मी तिथेच बसून होतो. पांढरी भुकटी माझ्या धोतरावर पडत होती. मी मनात नानांची क्षमा मागितली नाही. महादेवाचं नाव घेतलं, पण तेही मोठ्याने नाही. पहिल्यांदा 'पुं' गेला, मग पुढचं सगळं.

काल नगरला गेलो. ढाकणे वकिलांनी ऐकून घेतलं आणि हातातली पेन्सिल टेबलावर टाकली. "पाहणीची तारीख तोंडावर आलेली, आणि तुम्ही पुरावा स्वतः खरवडून आलात? आता काय सिद्ध करू मी? निदान कोणाला सांगू नका, दुसऱ्या कोणी केलं म्हणू." मी म्हणालो, दुसऱ्या कोणी केलं नाही. ते म्हणाले, भरपाई हातची गेली असं समजा. मी म्हणालो, समजलो.

दावा मी मागे घेतलेला नाही. तारखेला येईन, काठी टेकत येईन, तुझ्या वकिलाला काय विचारायचं ते विचारू दे. पाय माझा मोडला आणि तो तू बसवलेल्या दगडावर मोडला, हे मी शेवटपर्यंत म्हणत राहीन. तुला मी माफ केलेलं नाही, आणि तू मागितलेलीही नाहीस. पण कोणी पडावं म्हणून वाट बघत बसणं मात्र मी बंद केलं आहे. उद्यापासून श्रावण.

तू फौजदारी करणार असशील तर पंचनाम्याला येण्याची गरज नाही. ढाकणे वकील नको म्हणत असताना मी कारकुनाकडून कागद मागून घेतला, स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि कोर्टात दिला: गाभाऱ्याच्या सर्व पायऱ्यांना मी टाकी लावून घेतली, तिसऱ्या पायरीवरचं माझ्या वडिलांचं नाव मीच काढवलं. खाली सही केली.

रंगनाथ पुंजाराम